विजेवर, पिशवीतली बिअर: केटल घेताना आधी काय मोजायचं

माझ्याकडे आजवर तीन केटल झाल्या. पहिली घेतली तेव्हा मला बिअर करता येत नव्हती. दुसरी घेतली तेव्हा येत होती, पण विजेचं काही कळत नव्हतं. तिसरी घ्यायला गेले ती पर्समध्ये शिवणकामाची टेप, एक लोहचुंबक आणि हिशेबाचा कागद घेऊन. तिसरी अजून वापरात आहे. पहिलीत आता धुणं भिजतं.

केटल म्हटलं की चहाची किटली डोळ्यांपुढे येते, पण ही केटल म्हणजे सरळ उभ्या भिंतींचं मोठं पातेलं, खाली तोटी लावलेलं. पद्धत थोडक्यात अशी: लागणारं सगळं पाणी एकदमच पातेल्यात घ्यायचं, त्यात पिशवी सोडायची, पिशवीत भरडलेलं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) टाकायचं, ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवायचं (हा मॅश), मग पिशवी उचलून निथळायची आणि उरलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, त्याच पातेल्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळायचं. २००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी ही युक्ती रुळवली. मॅशला वेगळं भांडं नाही, दाणे धुवायची भानगड नाही. सगळा कारभार एकाच भांड्यावर, म्हणून ते चुकलं की दर वेळी त्याच्याशी भांडत बसावं लागतं.

मी भांडले, कारण पहिली केटल गॅसवर करणाऱ्यांना विचारून घेतली. त्यांनी सांगितलं, बूड जाड बघ, तिहेरी थराचं बघ. त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. ज्योत खालून लागते, स्टीलमधून उष्णता नीट पसरत नाही, पातळ बुडावर एकाच जागी वर्ट करपतं. पण आपलं एलिमेंट, म्हणजे विजेवर तापणारी नळी, पाण्यात बुडालेलं असतं. उष्णता जन्माला येते तीच पाण्यात. बुडाला वजन पेलण्यापलीकडे काही कामच उरत नाही, आणि मी मात्र त्याच बुडाचे जास्तीचे पैसे मोजून बसले होते. विजेवर करायचं असेल तर केटल बाहेरून आणि खालून बघू नका. आत डोकवा. आत एक पिशवी लोंबणार आहे, तिच्याखाली तापलेली नळी असणार आहे, आणि त्या दोघींची गाठ पडू द्यायची नाही. बाकी सगळं यातूनच येतं.

किती लिटरची

लोक म्हणतात, २० लिटर बिअर करायची तर ३० लिटरची केटल भरपूर झाली. मीही तेच धरून चालले. पहिल्याच दिवशी मॉल्ट ओतता ओतता पाणी काठाला आलं आणि मी मगने गरम पाणी उपसून बादलीत टाकत बसले. तो हिशेब आता पाठ झालाय:

फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, जायला हवेत २० लिटर. तळाच्या गाळात २ लिटर सोडून द्यायचे. तासाभराच्या उकळीत साडेतीन लिटरची वाफ होते. ५ किलो मॉल्ट पिशवी पिळल्यावरही किलोमागे साधारण ०.७ लिटर पाणी धरून ठेवतं, म्हणजे आणखी साडेतीन. झाले २९ लिटर. आता त्या पाण्यात मॉल्टही बसायचंय. ते किलोमागे पाऊण लिटरला थोडी कमी जागा खातं, म्हणजे सव्वातीन लिटर. बेरीज ३२ लिटरच्या वर गेली, आणि अजून ढवळायला जागा ठेवलेलीच नाही.

म्हणून २० लिटरच्या खेपेला ४० लिटरची केटल ही खालची मर्यादा समजा. कधी जास्त मॉल्टची, कडक बिअर करायची इच्छा होणार असेल (आणि ती होतेच) तर ५० लिटरची घ्या. साडेसात किलो मॉल्ट धरून वरचाच हिशेब केलात तर आकडा ३६ लिटरच्या आसपास येतो. मग ४० लिटरच्या केटलमध्ये पळी फिरवायचीही धास्ती वाटते.

१० लिटरची खेप करणाऱ्यांनी सगळं निम्मं करू नये. वाफ भांड्याच्या तोंडावर आणि एलिमेंटच्या जोरावर ठरते, तुम्ही किती बिअर करताय याच्याशी तिला देणंघेणं नाही. २५ लिटरची घ्या, सुखी राहाल.

रुंद की उंच

इथे टेप बाहेर काढा. आतला व्यास ४० सेंटिमीटर असेल तर उंचीच्या प्रत्येक सेंटिमीटरला सव्वा लिटर बसतं. ३६ सेंटिमीटर असेल तर जेमतेम एक लिटर. ५० लिटरची केटल ४० व्यासाची असली तर ४० उंच होते, ३६ व्यासाची असली तर ४९ उंच. नऊ सेंटिमीटर म्हणजे किती ते दुकानात कळत नाही. माझी उंची पाच फूट आणि उजवा खांदा एकदा निखळलेला. टेबलावर ठेवलेल्या उंच केटलमधून भिजलेली पिशवी ओढताना मला ते नऊ सेंटिमीटर चांगलेच कळले. कोरडं ५ किलो मॉल्ट उचलताना १० किलोच्या वर भरतं, आणि त्यातून पाणी निथळत असतं. कप्पी लावणार असाल तर उंच भांडं चालेल, पण कप्पीचा हूक आणि केटलचा काठ यांत पिशवीची पूर्ण लांबी मावते का ते आधी बघा. आमच्याकडे पहिल्यांदा पिशवीचं बूड वर्टमध्येच राहिलं आणि कप्पी छताला टेकली.

मग रुंदच घ्यावी का? सरसकट नाही. रुंद भांड्याची एक खोड फार कमी लोक सांगतात. एलिमेंटच्या नळीचा वरचा भाग बुडापासून समजा ७ सेंटिमीटरवर आला. त्याच्यावर दोन सेंटिमीटर सोडून जाळीची बैठक ठेवली, म्हणजे पिशवी टेकणार ९ सेंटिमीटरवर. ४० व्यासाच्या केटलमध्ये त्या ९ सेंटिमीटरखाली ११ लिटरच्या वर पाणी असतं. हे पाणी मॉल्टला शिवतही नाही. कागदावर मॅश पातळ, प्रत्यक्षात पिशवीत घट्ट खळ. वर थर्मामीटर ६७ दाखवतोय आणि खाली भलतंच काही चाललंय. ३६ व्यासात हेच पाणी ९ लिटर.

तोडगा दोन प्रकारचा. एक, आडवं, चपटं वळवलेलं एलिमेंट घ्या आणि ते बसवायचं भिंतीतलं भोक शक्य तितकं खाली पाडा. शक्य तितकं म्हणजे बुडाजवळची गोलाई संपून भिंत सरळ होते तिथून वर, कारण गोलाईवर वॉशर बसत नाही आणि गळती लागते. म्हणून केटल बघताना बुडाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवा. गोलाई जितकी लहान तितकं भोक खाली येतं. दोन, लहानसा पंप लावून खालचं पाणी उचलून वरून मॉल्टवर सोडत राहा. मी दोन्ही केलं.

माझं मत विचाराल तर उंची आणि व्यास जवळजवळ सारखे असलेली केटल बघा. फार उंच नको, परातीसारखी पसरट तर नकोच.

पंपाचा घोटाळा

पंपाचं नाव निघालंच आहे तर दुसऱ्या केटलची गोष्ट सांगते. तिच्यात भिंतीला अगदी घट्ट बसणारी जाळीची टोपली होती. दिसायला झकास. त्या दिवशी मॉल्ट जरा जास्तच बारीक दळलं गेलं होतं. पंप खालून वर्ट ओढून वर सोडत होता, पण वरचं वर्ट मॉल्टच्या चिखलातून खाली उतरेना. टोपलीत पाणी वर चढलं आणि टोपलीखाली उतरलं. मला वरून भरलेलं भांडं दिसत होतं, खाली एलिमेंट उघडं पडलं होतं. आधी करपलेल्या साखरेसारखा वास आला, मग विझवलेल्या सिगारेटसारखा. एलिमेंटवर काळं कवच बसलं आणि ती सगळी खेप मोरीत गेली, कारण तो वास बिअरमधून कशानेही जात नाही.

तेव्हापासून टोपली किंवा पिशवी आणि भिंत यांत बोटभर मोकळी जागा ठेवते. वर साचलेलं वर्ट त्या फटीतून तरी खाली येतं. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला व्हॉल्व्ह लावून धार बारीक ठेवते. टोपलीसकट केटल विकत असतील तर ही फट आहे का, नाहीतर टोपलीच्या मधोमध जास्तीचं वर्ट खाली सोडणारी उभी नळी आहे का, ते बघा. दोन्ही नसेल तर टोपली बाजूला ठेवा आणि पिशवीच वापरा.

आणि पिशवी खाली सोडताना किंवा उचलताना एलिमेंट बंद. या पिशव्या बहुधा पॉलिएस्टरच्या असतात. उकळत्या पाण्याने त्यांना काही होत नाही, पण चालू नळीला कापड चिकटलं की तिथे पाणी फिरत नाही आणि भोक पडायला वेळ लागत नाही.

आत काय काय टोचतं

विक्रेत्यांना केटलला जितक्या गोष्टी लावाव्यात तितक्या थोड्या वाटतात. पुढे तबकडीचा थर्मामीटर, आत त्याची बोटभर लांब काडी. बाजूला पातळी दाखवणारी काचेची नळी. आत वळलेली पाइप. पिशवीच्या दृष्टीने यातली प्रत्येक वस्तू म्हणजे काटा. माझी पहिली पिशवी थर्मामीटरच्याच काडीने फाटली, तीही उचलताना, म्हणजे मॉल्ट सगळं वर्टमध्ये. भिंतीतून आत डोकावणारी कुठलीही गोष्ट पिशवीच्या बैठकीच्या खाली असली तर चालेल, वर नको. तापमानाची सळई पंपाच्या वाटेवर, तोटीच्या बाहेरच्या टी-जोडात बसवली की आत काहीच राहत नाही आणि आकडाही फिरत्या वर्टचा मिळतो. पातळीसाठी आतल्या भिंतीवर कोरलेल्या लिटरच्या खुणा असतील तर उत्तम. नसतील तर लाकडी काठीवर स्वतः खुणा करा, फार तर अर्धा तास जातो.

तोटीचा व्हॉल्व्ह तीन भागांत सुटणारा घ्या. दोन भागांच्या बॉल व्हॉल्व्हमध्ये गोळ्यामागे वर्ट अडकतं आणि ते साफ करायला तो उघडतच नाही. मी एकदा एक जुना व्हॉल्व्ह कापून पाहिला होता. त्यातलं वर्णन करत नाही.

स्टील की ॲल्युमिनियम

ॲल्युमिनियमची केटल हलकी. त्याच जाडीच्या स्टीलच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाची. उष्णताही छान वाहून नेते, पण वर म्हटलं तसं एलिमेंट आत असताना त्या गुणाचा उपयोग नाही. उलट भिंतीतून तो गुण उष्णता बाहेरच घालवतो. बिअर तिच्यात चांगली होते, भलत्यासलत्या अफवांवर जाऊ नका. फक्त नवी असताना एकदा नुसतं पाणी उकळून घ्या म्हणजे आतून मळकट थर धरतो, आणि तो थर घासून चकचकीत करायचा मोह टाळा. कॉस्टिक सोडा तिला लावायचा नाही, धातूच खाल्ला जातो.

मी स्टील घेतलं, ३०४ प्रतीचं, म्हणजे ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. भिंत किमान एक मिलिमीटर जाड बघा. त्याहून पातळ भिंतीत एलिमेंटचं नट आवळलं की पत्रा वाकतो आणि वॉशरखालून थेंब थेंब सुरू होतो. स्टीलला ब्लीच लावून ठेवू नका; क्लोरीनने बारीक खड्डे पडतात.

भोक पाडलेलीच केटल मिळाली तर घ्या. मी घरी पाडलं. स्टेप ड्रिलने, आणि घाईघाईत जोरात फिरवून. ३०४ स्टीलवर पातं न कापता नुसतं घासत राहिलं, की ती जागा कडक होते आणि मग पात्याला दाद देत नाही. वीस मिनिटं नुसता कर्कश आवाज आणि निळी पडलेली कडा. दुसऱ्या दिवशी नवं पातं, सर्वांत कमी वेग, कापायचं तेल आणि अंगाचा भार देऊन दाब, असं केल्यावर कुरळ्या कातरणी निघायला लागल्या. त्या दिसल्या की समजायचं, जमतंय. नंतर कानशीने कडा गुळगुळीत करा, नाहीतर रबरी वॉशर पहिल्याच दिवशी चिरतो. एलिमेंट सारखं काढून धुवायचं असेल तर वेल्ड केलेली ट्राय-क्लॅम्पची (चिमट्याने आवळायच्या, हाताने सुटणाऱ्या जोडाची) बैठक सोयीची. वेल्डिंग आतून काळं, खडबडीत दिसत असेल तर ती केटल नको. त्या खरबरीत जागी घाण धरते आणि गंजही तिथूनच लागतो.

एलिमेंट आणि वीज

केटल आणि एलिमेंट यांची निवड वेगळी करता येत नाही, म्हणून हेही इथेच. वेळेचा एक सोपा हिशेब: लिटर गुणिले जितके अंश चढवायचे ते, भागिले किलोवॅटच्या १४ पट, म्हणजे मिनिटं. २९ लिटर पाणी २० वरून ७० अंशांवर न्यायला ३ किलोवॅटला साधारण ३५ मिनिटं. भिंतीतून जाते ती उष्णता धरून ४० म्हणा. दीड किलोवॅटला याच्या दुप्पट. शिवाय तासाला ३ लिटर वाफ काढायलाच १.९ किलोवॅट लागतात, त्यामुळे दीड किलोवॅटवर उघड्या ५० लिटरच्या केटलची उकळी रडतखडत चालते. वीज तेवढीच मिळत असेल तर केटल लहान घ्या.

वॅटपेक्षाही मी नळीची लांबी बघते. तेवढेच वॅट आखूड नळीत कोंबले की पृष्ठभाग फार तापतो आणि वर्ट करपतं. ८ मिलिमीटर जाडीची, सव्वा मीटर लांबीची नळी ३ किलोवॅटला चौरस सेंटिमीटरमागे १० वॅटच्या खाली राहते. हे ठीक. २० च्या वर गेलं की ते एलिमेंट साध्या पाण्यासाठी ठेवा. व्होल्टेजही वाचा: २४० व्होल्टला ५५०० वॅट लिहिलेलं एलिमेंट २३० व्होल्टला सुमारे ५०५० देतं आणि १२० ला एक चतुर्थांश, १३७५. उलटं करायला गेलात, म्हणजे १२० चं एलिमेंट २४० ला जोडलंत, तर चौपट तापून ते जळेल.

आता दादा. माझा मोठा भाऊ वायरिंगची कामं करतो. दुसरी केटल त्याला दाखवली तर त्याने आत बघितलंच नाही, उलटी करून भोकाच्या बाहेरची बाजू बघितली.

"अर्थची तार कुठंय?"

"एलिमेंटला आहे की तीन पिनची वायर."

"ती प्लगपर्यंत आली गं. केटलच्या अंगाला कुठे जोडलीये? हे पातेलं नाही, गिझर आहे. बिनअर्थिंगच्या गिझरखाली अंघोळीला उभी राहशील का?"

उभी राहिले नसते. तेव्हा केटलच्या धातूला अर्थ नट-बोल्टने पक्की जोडलेली हवी, एलिमेंटची टोकं बंद, पाणी न शिरणाऱ्या डबीत हवीत, आणि सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. अर्थ आहे म्हणून आरसीसीबी नको, असं नाही, दोन्ही हवेत. ३ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर, तासन्‌तास. गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर त्यात वितळते. वायर केटलकडे जाताना मध्ये खाली झोका घेऊन जाऊ द्या, म्हणजे ओघळलेलं वर्ट झोक्याच्या तळाशी टपकेल, डबीत शिरणार नाही. केटल बघताना म्हणून तोटी आणि एलिमेंटचं भोक एकाखाली एक नकोत; तोटी गळली की थेंब थेट डबीवर. माझ्या तिसऱ्या केटलला ती दोन्ही एकमेकांपासून पाव घेर लांब आहेत, आणि ती मी घेतली त्यात या एका गोष्टीचा मोठा वाटा होता.

इंडक्शनवर करणार असाल तर वरचं बरंचसं उलटतं. आत एलिमेंट नाही, पिशवी बुडाला टेकली तरी ती जळत नाही (तरी खाली चपटी जाळी ठेवाच), धुणं एका मिनिटाचं. पण मग बूडच सगळं ठरवतं: ते चुंबकाला चिकटणारं हवं, आणि नुसतं ३०४ स्टील चिकटत नाही. पर्समधला लोहचुंबक त्यासाठीच होता. शेगडी भरलेल्या केटलचं वजन पेलते का तेही विचारा; ३२ लिटर आणि भांडं मिळून ४० किलोच्या घरात जातं.

झाकण कशाचंही चालेल. हँडल मात्र रिव्हेटचे असतील तर आतून रिव्हेटची डोकी बघा, त्यांच्या कडेला वर्ट वाळतं. बाहेरून फोमचं वेष्टण कायमचं गुंडाळता येतं, ज्योत नाही ना! माझ्याकडे मॅशच्या तासात चार अंश उतरायचे, वेष्टण लावल्यापासून दीड.

केटल घरी आली की लगेच मॉल्ट भिजत घालू नका. साबणाने धुऊन कारखान्याचं तेल काढा, काठापासून १५ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा, वॉशरखाली कोरडा टिश्यू ठेवून रात्रभर सोडा. सकाळी टिश्यू कोरडा असेल तर एलिमेंट लावा, पाणी उकळा, तासभर घड्याळ लावून उकळू द्या आणि किती सेंटिमीटर उतरलं ते थंड झाल्यावर काठीने मोजा. मी साडेतीन लिटर वाफ म्हटलं ती माझ्या केटलची, माझ्या एलिमेंटची. तुमचा आकडा त्या काठीवर मिळेल, तो झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.